फादर थॉमस स्टीफन्स : आपली भाषा शिकलेले धर्मगुरू



ख्रिस्तपुराणाचे नाव आपण ऐकले आहे. ते लिहिणारे मूळचे इंग्रज होते, हे सांगितले की आजही पुष्कळांना आश्चर्य वाटते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. १५७५ मध्ये ते रोम येथे येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजाने निघून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढची चाळीस वर्षे बहुतेक साष्टीतच गेली.

साष्टीत पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची भाषा होती. घरात कोंकणी बोलत, पोथी मराठीत असे. फादरांनी दोन्ही भाषा शिकून घेतल्या, तेही छापील व्याकरण हाताशी नसताना. या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे त्यांनी १५८३ साली भावाला पत्राने कळवले. विल्यम जोन्स यांनी संस्कृतबद्दल असाच विचार मांडला तो १७८६ साली!

क्रियापदे मात्र परक्या माणसाची परीक्षा पाहतात. आपण ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणतो आणि ‘मी भात खाल्ला’ म्हणतो. खाणारा तोच, पण क्रियापद ताटातल्या पदार्थाप्रमाणे बदलते. ‘मी खातो’ म्हटले की तेच क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे चालते. कोंकणीतही असेच आहे. आपल्याला हे आईच्या मांडीवर येते. (सेमिनरीत लॅटिन क्रियापदांनी माझी काय दशा केली, ते इथे सांगत नाही.)

त्याच सुमारास फिलिपाईन्समध्ये स्पॅनिश धर्मगुरू तागालोग भाषा शिकत होते. तिथे क्रियापद बहुधा वाक्याच्या आरंभीच येते. ‘बिली’ म्हणजे विकत घेणे. ‘बुमिली’ म्हटले की वाक्याचा रोख घेणाऱ्यावर, ‘बिनिली’ म्हटले की घेतलेल्या वस्तूवर. डॉमिनिकन फादर फ्रान्सिस्को दे सान होसे यांनी लिहिलेले तागालोग व्याकरण १६१० साली छापले गेले.

इकडे साष्टीत नवख्रिस्ती लोकांची एक खंत होती. त्यांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्या जागी ऐकायला काही नव्हते. त्या काळी देवळे पाडली गेली, हेही आपण विसरू नये. लोकांचे हे मागणे फादरांनी मनावर घेतले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. व्याकरण शिकलेला माणूस पुष्कळ मिळेल. ओवी लिहिणारा परदेशी मात्र विरळाच.

१६१९ साली फादर वारले. त्यांचे कोंकणी व्याकरण इतरांनी भर घालून १६४० मध्ये राशोललाच छापले. भारतीय भाषेचे छापून निघालेले हे पहिले व्याकरण. पुढे अवघ्या ४४ वर्षांनी, १६८४ साली, पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. कोंकणी सुटली नाही. १८५७ साली गोव्यात हेच व्याकरण पुन्हा छापले गेले.