विश्लेषण : एक फ्रिक्वेन्सी, अनेक रेडिओ केंद्रे… हर्बर्ट हूव्हर यांनी हा गुंता कसा हाताळला?

अमेरिकेचे ३१ वे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर म्हटले की १९२९ ची महामंदी आणि कोलोरॅडो नदीवरचे हूव्हर धरण आठवते. पण त्याआधी सात वर्षे ते वाणिज्यमंत्री होते. एकाच फ्रिक्वेन्सीवर कोणत्या रेडिओ केंद्राने किती वाजता बोलायचे, हे भांडण तेव्हा त्यांच्यापुढे होते. रेडिओलहरी नेमक्या कोणाच्या, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

अनाथ मुलगा ते मंत्री

हूव्हर यांचा जन्म १० ऑगस्ट १८७४ रोजी आयोवातील वेस्ट ब्रँच गावात, लोहाराच्या घरी झाला. दहा वर्षांचे होण्याआधीच आई-वडील गेले. ओरेगॉनमधील मामांनी त्यांना सांभाळले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीत ते भूगर्भशास्त्र शिकले. ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील खाणींत काम करून श्रीमंत झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी बेल्जियमला अन्नधान्य पोहोचवले. सर्वांना एकत्र बसवले की मार्ग निघतो, हा विश्वास घेऊन ते १९२१ मध्ये मंत्री झाले.

सगळे एकाच जागी का?

रेडिओ परवाने वाणिज्य खाते देत असे. कायदा मात्र १९१२ चा, जहाजांच्या बिनतारी संदेशांचा विचार करून केलेला. डिसेंबर १९२१ मध्ये करमणुकीच्या प्रसारणासाठी ३६० मीटर, म्हणजे ८३३ किलोहर्ट्झ, ही एकच जागा ठरली. १९२२ अखेर केंद्रे ५०० च्या वर गेली.

एएम प्रसारणात (आपल्याकडचे मीडियम वेव्ह) दोन केंद्रे जवळजवळ एकाच फ्रिक्वेन्सीवर आली, तर त्यांच्यातील सूक्ष्म फरक रेडिओत शिट्टीसारखा ऐकू येतो. रात्री या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात, त्यामुळे दूरचे केंद्रही अडथळा ठरते. म्हणून एका शहरातील केंद्रे तास वाटून घेत. दूरची केंद्रे ऐकता यावीत यासाठी शिकागोतील केंद्रे सोमवारी संध्याकाळी बंद राहत.

चार परिषदा, तरीही पेच

हूव्हर यांनी १९२२ ते १९२५ दरम्यान चार रेडिओ परिषदा घेतल्या. १९२३ मध्ये ५५० ते १३५० किलोहर्ट्झचा पट्टा खुला झाला. दर १० किलोहर्ट्झवर एक जागा. पण त्याच वर्षी न्यायालयाने सांगितले, की मंत्र्यांना फ्रिक्वेन्सी ठरवता येईल, परवाना नाकारता येणार नाही. जागा मोजक्या आणि अर्जांना आडकाठी नाही, असा पेच झाला.

आठवड्याला दोन तास

झेनिथ कंपनीच्या शिकागोतील डब्ल्यूजेएझेड केंद्राला ९३० किलोहर्ट्झवर आठवड्यातून फक्त दोन तास मिळाले होते. तेही त्याच फ्रिक्वेन्सीवरील डेन्व्हरच्या केओए केंद्राला ती वेळ नको असेल तरच. कंपनीने परस्पर कॅनडासाठी राखलेल्या ९१० वर उडी मारली. सरकार न्यायालयात गेले आणि एप्रिल १९२६ मध्ये हरले. जुलैमध्ये अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयानेही मंत्र्यांना फ्रिक्वेन्सी व वेळ ठरवण्याचा अधिकार नसल्याचा सल्ला दिला.

पुढच्या सात महिन्यांत सुमारे २०० नवी केंद्रे आली. अनेकांनी फ्रिक्वेन्सी बदलल्या, वेळेचे करार मोडले. श्रोत्यांच्या वाट्याला आली खरखर.

कायद्याने काय बदलले?

२३ फेब्रुवारी १९२७ रोजी नवा कायदा झाला. लहरींची मालकी कोणाचीही नाही, परवाना ठरावीक मुदतीचा आणि सार्वजनिक हितासाठीच, हे त्याचे सूत्र. फेडरल रेडिओ कमिशनने ११ नोव्हेंबर १९२८ पासून बहुतेक केंद्रांच्या जागा बदलल्या. पाचच दिवस आधी हूव्हर अध्यक्षपदी निवडून आले होते.

वेळवाटप मात्र संपले नाही. टेक्सासमधील डॅलसचे डब्ल्यूएफएए आणि फोर्ट वर्थचे डब्ल्यूबीएपी १९७० पर्यंत फ्रिक्वेन्सी वाटून घेत होते. अदलाबदलीच्या वेळी डब्ल्यूबीएपीवर गाईच्या गळ्यातली घंटा वाजे. या व्यवस्थेची किंमत लहानांनी मोजली. मोठ्या व्यावसायिक केंद्रांसोबत तास वाटून घेताना महाविद्यालयांच्या अनेक केंद्रांना गैरसोयीच्या वेळा मिळाल्या आणि त्यातली बरीच बंद पडली.

१९३२ मध्ये हूव्हर यांना हरवणाऱ्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी रेडिओवरूनच घराघरांत स्थान मिळवले. हूव्हर २० ऑक्टोबर १९६४ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी वारले. लहरी विकत मिळत नाहीत, मुदतीच्या परवान्यावर वापरायला मिळतात, हा त्या कायद्याचा नियम अमेरिकेत आजही लागू आहे.