दोन झेंड्यांवर विमानं उतरवणारे आर्ची लीग

आज विमान उतरताना पायलट आणि कंट्रोलर रेडिओवर बोलतात. पण रेडिओ नव्हता तेव्हा? १९२९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस विमानतळावर हे काम आर्ची लीग यांच्याकडे आलं. जन्म १९०७ चा, स्वतः पायलट आणि मेकॅनिक. हातगाडीवर खुर्ची, छत्री, डबा, पाणी आणि झेंडे घेऊन ते धावपट्टीजवळ बसायचे. चौकटींचा झेंडा म्हणजे या, लाल म्हणजे थांबा! पण पायलटला झेंडा दिसलाच नाही तर? त्याला उलट विचारायची सोयच नव्हती. पुढे तिथे रेडिओ टॉवर आला आणि दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं. आज महत्त्वाची सूचना पायलट परत म्हणून दाखवतो, म्हणजे चूक लगेच पकडता येते. लीग १९७३ मध्ये निवृत्त झाले; १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.