अर्पणपत्रिकेतील अमेरिका : महात्मा जोतीराव फुले

इ. स. १८७३ साली पुण्यात ‘गुलामगिरी’ या नावाचे एक मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळी ग्रंथ अर्पण करावयाचा तो एखाद्या संस्थानिकाला, आश्रयदात्या साहेबाला किंवा फार तर वडिलांच्या स्मृतीला. या पुस्तकाच्या कर्त्याने ते अर्पण केले होते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सज्जनांना. निग्रो लोकांना दास्यातून सोडविण्यासाठी त्यांनी दाखविलेले औदार्य आणि केलेला स्वार्थत्याग यांबद्दलचा आदर त्या अर्पणपत्रिकेत होता. शिवाय आपल्या देशबांधवांनी तोच कित्ता डोळ्यांपुढे ठेवून शूद्रांना दास्यातून सोडवावे, अशी इच्छाही होती. पुस्तकाचे कर्ते जोतीराव गोविंदराव फुले यांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती. तेथील युद्धाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली होती ती छापील कागदातून.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पुढे घराणे पुण्यास आले, पेशव्यांच्या वाड्यावर फुले पुरविण्याचा व्यवसाय लाभला आणि आडनाव फुले झाले. मूल वर्षाचे होण्याआधीच आई चिमणाबाई वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील बाईंनी त्यांना वाढविले. थोडे शिक्षण झाल्यावर माळ्याच्या पोराला पुस्तके कशाला, असे कोणीतरी गोविंदरावांच्या मनात भरविले आणि शाळा सुटली. मुलगा मळ्यात खपू लागला. शेजारचे गफारबेग मुन्शी आणि लिजिट नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ यांनी गोविंदरावांची समजूत घातली नसती, तर ‘गुलामगिरी’चा कर्ता मळ्याच्या मोटेवरच राहिला असता. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. तत्पूर्वीच, १८४० साली, नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता.

शाळेत सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे मित्र भेटले. हे तिघेही ब्राह्मण होते, आणि जोतीरावांच्या कार्यात त्यांनी दिलेली साथ विसरता येणार नाही. याच मित्रमंडळात १८४७ च्या सुमारास थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला गेला. पेन हे जन्माने इंग्रज. परंतु अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांच्या लेखणीने मोठी कामगिरी बजावली होती. मनुष्याचे हक्क जन्मसिद्ध आहेत, ते राजाने किंवा पुरोहिताने दिलेले नाहीत, हा त्या ग्रंथाचा गाभा. पुढच्याच वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत शूद्र म्हणून जोतीरावांचा अपमान झाला. ग्रंथात वाचलेले आणि रस्त्यात भोगलेले यांतील अंतर त्या दिवशी त्यांना मोजता आले.

१८४८ साली बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंना शिक्षिका केले. त्याचे फळ म्हणून पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. पाठोपाठ अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १८५२ साली विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारतर्फे त्यांचा सत्कार झाला. हा सारा इतिहास महाराष्ट्रात सुपरिचित असल्याने येथे विस्तार नको.

इकडे पुण्यात शाळा चालू असता तिकडे अमेरिकेत एक जुने पाप वर येत होते. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, अशी घोषणा त्या राष्ट्राने १७७६ साली केली होती. पण घोषणा करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांची संतती राबत होती. उत्तरेकडील संस्थानांनी हळूहळू ही चाल बंद केली. दक्षिणेत मात्र कापसाचे पीक वाढत गेले, तसतशी गुलामांची मागणी आणि किंमतही वाढत गेली. १८६० च्या खानेसुमारीत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या जवळ पोहोचली. नवीन मुलुख राष्ट्रात सामील होई तेव्हा तेथे गुलामगिरी असावी की नसावी, यावर प्रत्येक वेळी वितुष्ट येई. १८५७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आफ्रिकी वंशाच्या मनुष्याला राष्ट्राचा नागरिकच मानण्याचे नाकारले. आपल्याकडे बंडाची धामधूम चालू होती ते हेच वर्ष.

१८६० च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. गुलामगिरीचा विस्तार होऊ देणार नाही, एवढीच त्यांच्या पक्षाची भूमिका होती. पण तेवढ्यावरूनच दक्षिणेतील संस्थाने फुटून निघू लागली. अखेरीस अशी अकरा संस्थाने झाली. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि भावाभावांचे युद्ध सुरू झाले. लिंकन यांचा आरंभीचा हेतू राष्ट्र अखंड राखण्याचा होता, गुलाम सोडविण्याचा नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु गुलाम स्वतःच मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत येऊ लागले आणि प्रश्न टाळणे अशक्य झाले. १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने बंडखोर प्रदेशातील गुलाम मुक्त ठरले. उत्तरेच्या बाजूस राहिलेल्या गुलामधारी संस्थानांना तो लागू नव्हता. त्याच वर्षी जुलैत गेटिसबर्ग येथे तीन दिवस घनघोर लढाई झाली. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. पाचच दिवसांनी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. त्या वर्षाच्या डिसेंबरात घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी सर्वत्र रद्द झाली. सहा लाखांहून अधिक सैनिक या चार वर्षांत कामी आले.

या युद्धाची झळ आपल्या मातीलाही लागली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जाई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविताच गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, हिंगणघाट येथील कापसाचे भाव चढत गेले. मुंबईत सोन्याचा पूर आल्यासारखे झाले. पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड तेव्हा नुकतेच, १८५३ साली, निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते. काळ्या जमिनीच्या कुणब्याला हातात चार पैसे दिसले, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला. आदिलाबादच्या बाजारात आजही हंगामात कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. भाव दूर कोठेतरी ठरतो आणि त्याचा घाव घरी बसतो, हे या भागातील वाचकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १८६५ साली युद्ध थांबले आणि भाव कोसळले. मुंबईतील कंपन्या बुडाल्या, पेढ्यांची दिवाळी निघाली. शेतकऱ्याच्या वाट्याला कर्ज आले. दख्खनेत त्याच सुमारास सारावाढही झाली होती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि दंग्यांचे लोण आसपासच्या गावांत पसरले. त्यांच्या कारणांचा शोध घेणाऱ्या सरकारी आयोगाला मागे अमेरिकेच्या युद्धापर्यंत जावे लागले.

युद्धाच्या ऐन धुमाळीत, १८६३ साली, जोतीरावांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या ब्राह्मण विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल तेथेच ठेवावे, अशी ती सोय होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला या निपुत्रिक दांपत्याने दत्तक घेतले. जोतीरावांच्या लेखनातील ब्राह्मणांवरील प्रहार वाचताना हे गृह विसरू नये. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. उपजीविकेसाठी ते कंत्राटे घेत. दगड-चुन्याच्या कामावर राबणारा मजूर आणि त्याच्या मजुरीला हात लावणारा कारकून हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. रोजच्या कामावर पाहिलेले होते.

या अनुभवातून ‘गुलामगिरी’ लिहिली गेली. पुस्तक सोळा भागांचे असून जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपाने चालते. मत्स्य, कच्छ, वराह, वामन, परशुराम या अवतारकथा म्हणजे बाहेरून आलेल्यांनी येथील मूळच्या रहिवाशांना जिंकल्याच्या आठवणी होत, असा अर्थ जोतीराव लावतात. बळीराजा त्यांना येथल्या रयतेचा राजा वाटतो. त्यातील सगळाच इतिहास पुढील संशोधनाला मान्य झालेला नाही, आणि भाषाही कित्येक ठिकाणी कडवट आहे. पण पुस्तकाचे बळ इतिहासात नाही, तुलनेत आहे. अमेरिकेतील गुलामाला आपण गुलाम आहोत हे ठाऊक होते. त्याच्या पायातील बेडी दिसत होती. येथील शूद्रातिशूद्रांची बेडी धर्माच्या नावाने मनावर घातलेली असल्याने ती वाहणाऱ्यालाच दिसत नाही, हा जोतीरावांच्या विवेचनाचा रोख आहे. हिंदुस्थानात गुलामगिरीला कायद्याचे पाठबळ १८४३ च्या अधिनियमाने काढून घेतले गेले होते. म्हणजे कागदावर येथे गुलाम नव्हताच. निजामाच्या राज्यात ‘वेट्टी’ म्हणून फुकटची चाकरी मात्र त्यानंतरही शंभर वर्षे चालू राहिली. आदिलाबादच्या डोंगरात जोडेघाट येथे १९४० साली कोमरम भीम यांनी प्राण दिले ते जमीन आणि जंगल यांवरील गोंडांच्या हक्कांसाठी.

जोतीरावांची अमेरिकेवरील श्रद्धा भोळी होती काय? अर्धी होती, असेच म्हणावे लागेल. मुक्तीचे सारे श्रेय त्यांनी मुक्त करणाऱ्या गोऱ्या सज्जनांना दिले. उत्तरेच्या सैन्यात पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णी सैनिक लढले, त्यांतील अनेक काल-परवापर्यंतचे गुलाम होते. ही बाजू अर्पणपत्रिकेत नाही. १८७० साली कायद्याने वर्णाच्या कारणावरून मतदानास बंदी करणे निषिद्ध ठरले खरे, पण १८७७ साली दक्षिणेतून केंद्राचे सैन्य हलले आणि मिळालेले हक्क तेथे एकेक करून काढून घेतले गेले. दुसरीकडे, त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत गोऱ्या वसाहतवाल्यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर केलेल्या अत्याचारांचाही उल्लेख आहे. तेव्हा ते अमेरिकेला निष्कलंक समजत होते, असे नव्हे. त्यांना हवे होते एक उदाहरण : ज्यांना गुलामगिरीचा जाच नव्हता अशी माणसे तिच्या विरुद्ध रणात उतरू शकतात, एवढे दाखविणारे. ते त्यांनी आपल्या काळातील सुशिक्षितांपुढे आरशासारखे धरले. आरसा पाहून बहुतेकांना राग आला.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाज स्थापन झाला. मध्यस्थाविना ईश्वरभक्ती, भटजीविना विवाह, मुलामुलींना शिक्षण ही त्याची सूत्रे. या समाजाच्या उभारणीत मुंबईतील तेलुगू मंडळींचा वाटा मोठा होता, ही गोष्ट तेलंगणातील मराठी वाचकांना विशेष आपुलकीची वाटेल. तेलंगणातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या लोकांची तेथे मोठी वस्ती होती. व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू हे त्यांतील पुढारी जोतीरावांचे सहकारी झाले आणि समाजाच्या छापखान्यासाठी याच मंडळींनी देणगी दिली. मराठीतील एका चळवळीचा छापखाना तेलुगू पैशावर उभा राहिला.

पुढील काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन, सरकारचा वसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे त्यांनी मांडले व प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कर्ज, सारा, पाणी आणि अज्ञान यांचा हिशोब आहे. १८८८ च्या मार्चमध्ये राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली, तेव्हा जोतीराव तेथे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि पाहुण्यांना सांगितले की, राणीची खरी प्रजा या दालनात नाही, ती खेड्यात आहे. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या कोळीवाड्यात भरलेल्या सभेत रावबहादूर वंडेकर यांच्या हस्ते त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली.

दोनच महिन्यांनी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दत्तक पुत्राच्या हक्कावरून अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि प्रेतयात्रेच्या पुढे चालू लागल्या. डाव्या हाताने लिहिलेले ते पुस्तक १८९१ साली छापून बाहेर पडले.