राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांची झोप आणि आजचा प्रश्न : मास्क की इम्प्लांट?

विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांचा जन्म १८५७ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे झाला. न्यायाधीश, फिलिपिन्सचे गव्हर्नर, युद्धमंत्री अशी पदे सांभाळून १९०९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. उंची सहा फुटांच्या आसपास, वजन १५० किलोच्या वर. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका डॉक्टरांचा आहार पाळून त्यांनी वजन बरेच उतरवले होते, पण ते परत चढले.

राष्ट्राध्यक्ष असताना बोलता बोलता, पत्ते खेळताना, कार्यक्रमात बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागे. घोरणेही मोठे होते. त्यांचे लष्करी सहायक आर्चिबाल्ड बट यांनी आपल्या पत्रांत हे नोंदवून ठेवले आहे. लोकांना तो आळस वाटला असेल. आजही घरोघरी असेच म्हणतात. रक्तदाबही वाढलेला होता. या सगळ्या नोंदी एकत्र पाहून २००३ मध्ये एका डॉक्टरांनी त्यांना तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असावा असे मांडले, आणि मला ते पटते. झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो, मेंदू दचकून जागा होतो. हे रात्रभर चालले की झोप दिवसा वसूल होते.

त्या काळी उपाय नव्हता. सीपॅप मशीन १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात पुढे आले. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे हे मशीन आजही पहिला उपचार आहे. पण मास्क सहन न होणारे रुग्ण थेट इम्प्लांटबद्दल विचारतात. त्यात छातीत, त्वचेखाली छोटे यंत्र बसवतात. ते जिभेच्या नसेला हलके विद्युत संकेत देते, जीभ पुढे सरकते आणि वाट मोकळी राहते. अमेरिकेत याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ज्या अभ्यासावर ती आधारली होती, त्यात वर्षभराने श्वास अडकण्याचे प्रमाण सुमारे ६८ टक्क्यांनी घटले.

टाफ्ट आज आले असते तर? त्यांचा बीएमआय ४५ च्या पुढे होता. त्या अभ्यासात ३२ पर्यंतचेच रुग्ण होते; पुढे अमेरिकेत ही मर्यादा ४० झाली. म्हणजे त्यांना आधी सीपॅप आणि वजनच सांगावे लागले असते. बीएमआय बसला तरी औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा पाहतात. तो चहूबाजूंनी मिटत असेल तर हे इम्प्लांट सहसा सुचवत नाहीत. शिवाय ही शस्त्रक्रिया आहे. खर्च मोठा, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, एमआरआयबाबत आधीच विचारून घ्यावे लागते. मास्क नकोसा वाटत असेल, तर त्याचा आकार आणि दाब तपासून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका. कित्येकदा अडचण तिथेच सुटते.

१९१३ मध्ये पद सोडल्यावर टाफ्ट यांनी वर्षभरात ३० किलोच्या आसपास वजन उतरवले. दिवसाची झोप गेली, रक्तदाब खाली आला. १९२१ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. या पदाची त्यांना राष्ट्राध्यक्षपदापेक्षाही जास्त आस होती. हृदयाच्या आजारामुळे फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ८ मार्चला त्यांचे निधन झाले.