मातीची कानातली आणि हार्वे मिल्क

किलकेनी हे आयर्लंडमधलं जुनं शहर. नोर नदीच्या काठी मोठा किल्ला आहे आणि किल्ल्यासमोर घोड्यांच्या जुन्या पागा. १९६३ मध्ये आयर्लंडच्या सरकारने हस्तकला वाढावी म्हणून इथे एक संस्था सुरू केली. तिचं काम या पागांमध्ये चालायचं. तेव्हापासून किलकेनी हस्तकलेसाठी ओळखलं जातं. जवळचं बेनेट्सब्रिज गाव तर मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे.

मातीची भांडी होतात तशी मातीची कानातलीही होतात. महाराष्ट्रात टेराकोटाचे दागिने तुम्ही पाहिले असतील. माती मळायची, पोळीसारखी लाटायची आणि हव्या त्या आकारात कापायची. वर एक भोक पाडायचं. सावलीत वाळवून मग भट्टीत भाजायचं. भाजताना माती आकसते, म्हणून आधी आकार थोडा मोठाच ठेवायचा. शेवटी रंग द्यायचा.

कोणी त्यावर फुलं काढतं, तर कोणी आवडत्या माणसाची आठवण म्हणून चित्र काढतं. समजा, आपल्याला हार्वे मिल्क यांच्या आठवणीसाठी कानातली करायची आहेत. मिल्क समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी लढले. पण नाण्याएवढ्या मातीवर एका माणसाचं आयुष्य कसं मावणार? एकच चित्र निवडावं लागेल. कोणतं, ते त्यांची गोष्ट वाचून तुम्हीच ठरवा.

१. जहाज

हार्वे मिल्क यांचा जन्म २२ मे १९३० रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ, एका ज्यू कुटुंबात झाला. कॉलेजात ते गणित शिकले. १९५१ मध्ये ते नौदलात भरती झाले.

ज्या पुरुषाला पुरुष आवडतो किंवा ज्या स्त्रीला स्त्री आवडते, त्यांना समलिंगी म्हणतात. मिल्क समलिंगी होते. त्या काळी अशा लोकांना नौदलात जागा नव्हती. १९५५ मध्ये त्यांना नौदल सोडावं लागलं.

पुढे ते काही काळ शाळेत शिक्षक होते. मग न्यूयॉर्कमध्ये शेअर बाजारातल्या एका कंपनीत काम करू लागले. सूट-टाय घालून ते रोज ऑफिसला जायचे. पण आपण समलिंगी आहोत, हे त्यांनी घरी किंवा ऑफिसात सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. ही भीती खोटी नव्हती.

२. कॅमेरा

१९७२ मध्ये मिल्क सॅन फ्रान्सिस्कोला राहायला गेले. पुढच्या वर्षी त्यांनी कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान उघडलं. आता ते काही लपवत नव्हते. दुकानात विक्री बेताची आणि गप्पा जास्त! आजूबाजूचे लोक आपल्या अडचणी घेऊन यायचे. मिल्क ऐकून घ्यायचे आणि मदत करायचे.

तेव्हा ट्रकचालकांच्या संघटनेचं एका बिअर कंपनीशी भांडण चालू होतं. मिल्क यांनी समलिंगी लोकांच्या बारमध्ये त्या कंपनीची बिअर बंद करायला लावली. बदल्यात त्यांनी एकच मागितलं : समलिंगी चालकांनाही काम द्या. संघटनेने ते मान्य केलं. एरवी जे लोक एकमेकांशी बोललेही नसते, ते मित्र झाले.

मिल्क १९७३ मध्ये निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. १९७५ मध्ये पुन्हा हरले. १९७६ मध्ये तिसऱ्यांदा हरले. शेवटी नोव्हेंबर १९७७ मध्ये ते निवडून आले. त्यांचं पद आपल्याकडच्या नगरसेवकासारखं होतं. नोकरी देताना किंवा घर भाड्याने देताना समलिंगी लोकांशी भेदभाव करता येणार नाही, असा कायदा शहरात झाला. त्यासाठी मिल्क यांनी पुढाकार घेतला होता. कुत्र्याची घाण मालकानेच उचलायची, हा नियमही त्यांनीच आणला. तो तर सगळ्यांनाच आवडला!

३. वर्तमानपत्र

१९७८ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात एक प्रस्ताव आला. समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांमधून काढता यावं, असा तो प्रस्ताव होता. त्यावर सगळे मतदार मत देणार होते. मिल्क गावोगावी जाऊन त्याविरुद्ध बोलले.

त्यांचा विचार साधा होता. लोक अनोळखी माणसांना घाबरतात. पण आपला मुलगा, आपली डॉक्टर किंवा शेजारचे काका समलिंगी आहेत हे कळलं, तर ते त्यांच्याविरुद्ध मत देणार नाहीत. म्हणून प्रत्येकाने आपल्या घरी सांगावं, असं ते सगळ्यांना सांगायचे. ७ नोव्हेंबर १९७८ ला तो प्रस्ताव दहा लाखांहून जास्त मतांनी हरला.

पण या विचाराला एक दुखरी बाजूही आहे. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका बाईने अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांच्यावर गोळी झाडली. एका माजी सैनिकाने तिचा हात धरला आणि अध्यक्ष वाचले. तो सैनिक समलिंगी होता, पण घरी कोणाला माहीत नव्हतं. समलिंगी माणूसही शूर असतो हे जगाला कळावं, म्हणून मिल्क यांनी ही गोष्ट एका पत्रकाराला सांगितली. ती छापून आली. त्या सैनिकाचे घरच्यांशी संबंध बिघडले. त्याला त्याचा फार त्रास झाला.

मिल्क यांचा हेतू चांगला होता. पण ती गोष्ट सांगायची की नाही, हे त्या सैनिकाने ठरवायला हवं होतं.

४. मेणबत्ती

२७ नोव्हेंबर १९७८ रोजी मिल्क यांच्या एका माजी सहकाऱ्याने पालिकेच्या इमारतीत महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि हार्वे मिल्क यांना गोळ्या घातल्या. दोघेही गेले. मिल्क तेव्हा ४८ वर्षांचे होते. निवडून आल्यावर त्यांना एक वर्षही काम करता आलं नाही. त्या रात्री हजारो लोक हातात मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रोपासून त्या इमारतीपर्यंत शांतपणे चालत गेले.

ज्या नौदलाने त्यांना जाऊ दिलं, त्याच नौदलाच्या एका जहाजाला पुढे त्यांचं नाव मिळालं. २०२१ मध्ये ते जहाज पाण्यात उतरलं. २०२५ मध्ये सरकारने ते नाव काढून टाकलं.

२२ मे हा मिल्क यांचा वाढदिवस. २०१५ मध्ये याच तारखेला आयर्लंडमध्ये मतदान झालं. समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं का, हा प्रश्न होता. ६२ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. किलकेनीच्या मतदारसंघातही ‘हो’ची मतं जास्त होती. त्या आधी चार महिने मंत्री लिओ वराडकर यांनी आपण समलिंगी आहोत हे रेडिओवर स्वतःहून सांगितलं होतं. त्यांचे वडील मूळचे मालवणजवळच्या वराड गावचे. २०१७ मध्ये वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले.

जहाजाचं नाव सरकार बदलू शकतं. कानातलं मात्र ज्याचं त्याने घालायचं असतं. कधी घालायचं, कुठे घालायचं आणि कोणाला दाखवायचं, हेही ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं.

शब्दार्थ
पागा – घोडे बांधायची जागा
आकसणे – आकाराने लहान होणे
बेताचा – फार नाही, थोडासा
भेदभाव – एकाला एक आणि दुसऱ्याला वेगळी वागणूक देणे
हेतू – मनातला उद्देश

स्वाध्याय
१. मिल्क यांना नौदल का सोडावं लागलं?
२. मिल्क किती वेळा निवडणूक हरले? ती वर्षं लिहा.
३. माजी सैनिकाची गोष्ट आणि लिओ वराडकर यांची गोष्ट यांत काय फरक आहे? चार वाक्यांत लिहा.
४. जहाज, कॅमेरा, वर्तमानपत्र, मेणबत्ती : तुम्ही कानातल्यांवर कोणतं चित्र काढाल? का? घरी मोठ्यांना सांगा.