लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर

वागळे इस्टेटीत नाहीतर डोंबिवलीच्या एमआयडीसीत छोटा कारखाना असलेल्या माणसाला नवीन काही काढायचं झालं की जागा, भांडवल, कच्चा माल, जाणकार, सगळ्यासाठी दारोदार फिरावं लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचीही तीच गत होती.

त्यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येईनात. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले, मुंबईतच टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर झाले. बढती डावलली तशी नोकरी सोडून बेळगावला भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलच्या दुकानात उतरले. पुढं कडबा कापायचं यंत्र केलं, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर झाला खरा, पण घेणार कोण? लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली म्हणतात. (आपल्या मुरबाड-शहापूरच्या भातखाचराला हे जड अवजार नकोच. ते काळ्या, हरळी माजलेल्या रानाचं काम, तेही बैलांच्या एकाहून जास्त जोड्या लावून.)

धंदा जरा बसतोय तोच बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. बिऱ्हाड हलवायचं कुठं? लक्ष्मणराव तेव्हा औंधला देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातलं कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान देऊ केलं, वर दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. नुसते निवडुंग आणि साप! तिथं १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

१९१४ ला महायुद्ध पेटलं आणि परदेशी बिडाची आवक आटली. भट्टीत घालायला लोखंड नाही, तर नांगर कशाचा करणार? त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. तोफा वितळवून नांगर ओतले गेले.

१९२० साली लोकांचे शेअर घेऊन कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची बातमी त्यातून गिऱ्हाइकांपर्यंत जाऊ लागली. मुलगा शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन आला, वाडीत पंप होऊ लागले. १९४६ साली पुण्यात डिझेल इंजिनाचा कारखाना निघाला, तोही ब्रिटिश कंपनीशी तांत्रिक करार करून. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी लिहिलेलं आहे.