अपूर्णांकांना कोड्यात बांधणारे भास्कराचार्य

शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांचे गुरू त्यांचे वडील महेश्वर हेच होते. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' हा त्यातील अंकगणिताचा भाग. अपूर्णांकांचे नियम देऊन ते थांबले नाहीत. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग एका फुलावर, तिसरा दुसऱ्यावर, या दोहोंतील फरकाची तिप्पट तिसऱ्यावर आणि एकटा भुंगा हवेत घुटमळतो. तर एकूण भुंगे किती? उत्तर १५. छेद समान का करावयाचे, हे विद्यार्थ्याला येथे न सांगताच उमगते. लीलावती त्यांची कन्या असल्याची कथा मात्र बरीच नंतरची. नातू चांगदेव यांनी चाळीसगावनजीक पाटण येथे या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला. त्याला मिळालेल्या दानाचा तपशील तेथील शिलालेखात मराठीत कोरलेला आहे.